जाहिरात फुकट, मग कमाई कुठून?

मागच्या अंकात आम्ही वाचकांना 'गावात बसून ऑनलाईन धंदा करताना काय अडतं' असं विचारलं होतं. प्रश्न आले ते बहुतेक एकाच गोष्टीवर. जुन्या वस्तू विकायची-घ्यायची साईट काढली, ॲप काढलं, नाहीतर नुसता व्हॉट्सॲप ग्रुप काढला, गर्दी मरणाची आहे पण खिशात काही पडत नाही. म्हणून ह्यावेळी सगळे त्याच गल्लीतले प्रश्न घेतलेत. नावं छापत नाही, गाव तेवढं छापतो.

प्रश्न : सर नमस्कार. मी उदगीर भागातला, शिकून पुण्यात नोकरी केली, आता गावाकडंच आहे. उदगीर, देवणी, अहमदपूर, मुखेड ह्या पट्ट्यासाठी जनावरं, जुने ट्रॅक्टर, मोटरसायकली, मोबाईल, प्लॉट असं सगळं विकायची साईट केलीय. लोकं जाहिराती टाकायलेत, एकमेकाला फोन करायलेत, बैलजोडी विकली म्हणून मला येऊन सांगायलेत, पण मला त्यातून काहीच मिळंना. गूगलच्या जाहिराती लावल्या तर सर्व्हरचं भाडं पण निघंना. मित्र म्हणतो प्रत्येक सौद्यावर २ टक्के कमिशन लाव, वडील म्हणतात जाहिरात टाकायलाच सरसकट ५० रुपये घे. काय करावं?
– एक वाचक, उदगीर

उत्तर : मित्र चुकतोय, वडील पण चुकतायत, पण वडील जरा कमी चुकतायत.

कमिशनचं आधी घेऊ. तुमच्या साईटवर सौदा होतच नाही हो, तिथं फक्त फोन नंबर मिळतो. पुढचं सगळं गोठ्यात, बांधावर, नाहीतर चहाच्या टपरीवर ठरतं. हाळी-हंडरगुळीचा जनावरांचा बाजार तुमच्या तालुक्यातलाच आहे, तिथं रुमालाखाली बोटं दाबून ठरलेला भाव शेजारी उभ्या माणसाला कळत नाही, तो तुमच्या सर्व्हरला काय कळणार? समजा चार लाखाचा ट्रॅक्टर गेला, २ टक्क्याचे आठ हजार झाले, तर ते आठ हजार वाचवायला माणूस "विकलाच नाही, साडूला दिला" असं तोंडावर हसत सांगतो आणि तुम्ही काही करू शकत नाही. कमिशन चालतं कुठं, तर जिथं पैसा तुमच्या हातातून जातो तिथं, म्हणजे तिकीट, हॉटेल, कुरिअरनं येणारा माल. बैल कुरिअरनं येत नाही.

आता वडिलांचं. सरसकट पन्नास लावले की जो शेतकरी वर्षातून एखादी म्हैस विकतो तो येणारच नाही, तो फेसबुकवर फुकट टाकील. तो गेला की घेणारा जातो आणि घेणारा गेला की व्यापारी पण जातो. त्याच बाजारात बघा, बघ्याला तिकीट नसतं, पण दावी-कासरे, घुंगरमाळा घेऊन दर आठवड्याला दुकान मांडणारा जागेचे पैसे कुरकुर न करता देतो, कारण त्याला माहितीय की गर्दी इथंच आहे. तुम्हाला तेवढंच करायचंय. ज्याच्यामुळं गर्दी होते त्याला फुकट ठेवा आणि ज्याचा तो रोजचा धंदा आहे किंवा ज्याला घाई आहे त्याच्याकडनं पैसे घ्या.

हे माझं डोकं नाही, जगभर असंच चाललंय. अमेरिकेत क्रेग न्यूमार्क नावाच्या माणसानं १९९५ साली मित्रांना शहरातल्या कार्यक्रमांचे ईमेल पाठवायला सुरुवात केली, त्याची क्रेग्जलिस्ट झाली, दिसायला आजही एकदम रूक्ष साईट. तिथं बहुतेक जाहिराती फुकट असतात. पैसे देतात नोकरीची जाहिरात टाकणाऱ्या कंपन्या (शहराप्रमाणं १० ते ७५ डॉलर), गाड्यांचे डीलर, न्यूयॉर्कचे घरांचे दलाल. साध्या माणसाच्या गाडीच्या जाहिरातीला ५ डॉलर लावले ते २०१९ साली, म्हणजे चोवीस वर्षं गर्दी जमवल्यावर. आपल्याकडं नोकरी डॉट कॉम १९९७ पासून आहे, तिथं नोकरी शोधणारा बायोडेटा फुकट टाकतो आणि कंपनी पैसे भरून तो बघते. जस्टडायल त्याच्या आदल्या वर्षीचं, फोन करून पत्ता विचारणाऱ्याकडनं एक रुपया नाही, दुकानदाराकडनं महिन्याचं पॅकेज.

आता तुमच्या साईटवर हे कसं बसवायचं ते सांगतो. एका मोबाईल नंबरवरनं महिन्याला दोन जाहिराती फुकट, तिसरीपासून पैसे. एवढ्या एका नियमानं शेतकरी आणि व्यापारी आपोआप वेगळे होतात. व्यापारी चलाखी करणार, बायकोच्या नंबरवरनं टाकणार, दुकानातल्या पोराच्या नंबरवरनं टाकणार, पण फोटोत तेच पत्र्याचं शेड, तेच लिंबाचं झाड आणि त्याच झाडाखाली दर आठवड्याला नवा ट्रॅक्टर! असा माणूस दिसला की ब्लॉक करू नका. त्याला फोन करा, तो तुमचा पहिला गिऱ्हाईक आहे. त्याला महिन्याचं पॅकेज द्या, दुकानाच्या नावाचं पान, कितीही जाहिराती, वर 'डीलर' असा शिक्का. शिक्क्याची त्याला लाज वाटत नाही, उलट आवडतो.

पण पॅकेज विकायला जाताना रिकाम्या हातानं जाऊ नका. 'नंबर दाखवा' असं बटण ठेवा, नंबर उघडा टाकू नका, म्हणजे किती जणांनी दाबलं ते मोजता येतं. दर सोमवारी त्या डीलरला व्हॉट्सॲपवर दोन ओळी पाठवायच्या, मागच्या आठवड्यात तुमच्या लाल ट्रॅक्टरचा नंबर इतक्या जणांनी बघितला, निळ्याचा इतक्यांनी. हे महिनाभर फुकट पाठवा. पुढच्या महिन्यात पैसे मागितले की तो नाही म्हणत नाही, आणि म्हटला तर सोमवारचा मेसेज बंद करा, तोच फोन करील.

दुसरी कमाई घाईवाल्याची. पोरीचं लग्न निघालंय, बँकेचा हप्ता थकलाय, पेरणीच्या तोंडावर पैसा पाहिजे, अशा माणसाला आपली जाहिरात तीन दिवस वर पाहिजे असते. त्याचे तीस-चाळीस रुपये घ्या. यूपीआयवर दुकानदाराला लागणारा एमडीआर (पैसे घेताना बँक कापते तो चार्ज) २०२० च्या जानेवारीपासून शून्य आहे, म्हणून एवढी छोटी रक्कम घेणं परवडतं, कार्डाच्या काळात हे जमलंच नसतं. फक्त वर जागा तीन किंवा चारच ठेवा. सगळ्यांनाच वर नेलं तर पैसे देणाऱ्याला फसवल्यासारखं वाटतं, आणि तसं ते असतंच. आणि पैसे घेऊन वर ठेवलेल्या जाहिरातीवर तसं लिहा, लपवू नका.

गूगल ॲडसेन्सवर फार आस लावू नका. मराठी साईटला त्या जाहिराती चालतात, पण पैसा मिळतो तो जाहिरात देणारा किती मोजतो त्यावर, आणि मुखेडच्या म्हशीच्या पानावर बोली लावायला मुंबईची विमा कंपनी काय धावत येत नाही. समजा महिन्याला एक लाख पानं बघितली गेली आणि हजार पानांमागं वीस रुपये पडले, तर झाले दोन हजार. तेच समजा पंधरा डीलर आठशेनं धरले तर बारा हजार. शिवाय गूगल १०० डॉलर साठल्याशिवाय पैसे पाठवत नाही, त्याआधी १० डॉलरला पत्ता तपासायचा पिन पोस्टानं येतो आणि तो आपल्या पोस्टात आठ-आठ दिवस कुठं फिरतो ते पोस्टमनलाच माहीत. मित्रांना सांगून आपल्याच जाहिरातींवर क्लिक मारून घ्यायची आयडिया डोक्यात असेल तर सोडून द्या, खातं जातं आणि साठलेले डॉलर पण जातात. त्यापेक्षा ती जागा उदगीरच्याच पशुखाद्यवाल्याला, जनावरांच्या औषधवाल्याला, टायरवाल्याला महिन्याच्या भाड्यानं द्या.

अजून एक, मोबाईल आणि मोटरसायकली सोडा. त्यात ओएलएक्स २००६ पासून आहे, फेसबुक मार्केटप्लेस २०१६ पासून आहे, त्यांच्याशी पैशानं भिडता येत नाही. एवढ्या मोठ्या ओएलएक्सचा इथला गाड्यांचा धंदा सुद्धा २०२३ मध्ये कारट्रेडनं ५३७ कोटीला घेऊन टाकला. तुमचं बळ जनावरात आणि जुन्या ट्रॅक्टरात आहे, कारण तिथं काय विचारायचं ते त्या कंपन्यांना माहीत नाही. तुमच्याकडं आत्ता असल्या जाहिराती पडत असणार : "बैल विकणे आहे संपर्क साधा." ह्याला कोण फोन करील? फॉर्मच असा करा की माणसाला भरावंच लागेल. लाल कंधारी की देवणी, दोन दाती, चार दाती की जुळलेला, गाडीला चालतो का, दोन्ही खांद्याला जुंपता येतो का, मारका आहे का. गाय-म्हैस असेल तर कितवं वेत, सकाळ-संध्याकाळ वेगवेगळं दूध किती, गाभण असेल तर कितवा महिना. फोटो समोरून नको, बाजूनं पाहिजे, आणि जनावर चालताना दहा सेकंदाचा व्हिडिओ. लंगडणं फोटोत लपतं, चालीत लपत नाही.

जोडीला कानातला बिल्ला. १ जून २०२४ पासून बिल्ला नसलेल्या जनावराची खरेदी-विक्री राज्यात बंद आहे, त्यावरचा बारा आकडी नंबर फॉर्ममध्ये भरून घ्या आणि बिल्ल्याचा फोटो पण घ्या. तसंच ट्रॅक्टरचं, आरसीवर फायनान्सचा बोजा आहे का ते एमपरिवाहन ह्या सरकारी ॲपवर दिसतं. बोजा असेल तर बँकेची एनओसी (ना-हरकत) आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ झाल्याशिवाय गाडी नावावर होत नाही, आणि हे घेणाऱ्याला बयाणा देऊन झाल्यावर कळतं. तुम्ही आधी बघून 'कागद बघितले' असा शिक्का देणार असाल तर त्याचे शंभर-दोनशे रुपये लोक आनंदानं देतील. माझ्या मते तुमची खरी कमाई दोन-तीन वर्षांनी ह्या शिक्क्यातूनच येईल, बाकी सगळं पोटापुरतं. पण शिक्का मारला की जबाबदारी आली, फोनवर "आहेत ना कागद? आहेत" असं म्हणून शिक्का मारू नका.

प्रश्न : मी लातूरला असते, नीटची तयारी करणाऱ्या मुलामुलींसाठी रूम, हॉस्टेल, मेस ह्याची माहिती इन्स्टा आणि टेलिग्रामवर टाकते. पालक रोज विचारतात, नांदेड, बीड, सोलापूर, अगदी विदर्भातून फोन येतात. आतापर्यंत सगळं फुकट केलं. आता पैसे घ्यायचेत तर पालकांकडून घेऊ की रूममालकांकडून? आणि डिपॉझिट माझ्याकडं भरून घेतलं तर कमिशन कापता येईल का?
– एक वाचक, लातूर

उत्तर : ताई, तुमच्या हातात सोनं आहे, खरंच. उदगीरकरांना गर्दी जमवायला घाम गाळावा लागतोय आणि तुमच्याकडं पालक स्वतःहून येतायत. मालकाकडून घ्या. पालक एकदाच येणार, एक-दोन वर्षांनी पोरगं गेलं की संपलं. मालकाच्या आठ खोल्या दरवर्षी रिकाम्या होतात, आणि दहावीचा निकाल लागला की पुढचे पाच-सहा आठवडे हाच त्याचा सीझन. जुलै संपेपर्यंत रिकामी राहिलेली खोली वर्षभर तशीच राहायची भीती त्याला असते. म्हणून वर्षभराचं पॅकेज मार्च-एप्रिलमध्येच विका, मे महिन्यात दर वाढवा. मेसवाल्याचं वेगळं गणित आहे, त्याला दर महिन्याला गळती असते (डाळ पातळ झाली की पोरं मेस बदलतात), त्याला छोटं मासिक पॅकेज बरं पडतं.

डिपॉझिट मात्र स्वतःच्या खात्यात घेऊच नका. दुसऱ्याचा पैसा गोळा करून तिसऱ्याला पोचवायचा धंदा रिझर्व्ह बँकेच्या पेमेंट ॲग्रीगेटरच्या नियमात येतो, आणि त्या परवानगीसाठी अर्ज करतानाच १५ कोटीची नेटवर्थ (देणं वजा करून उरलेली मालमत्ता) लागते. पालकानं थेट मालकाला द्यावं, पावती घ्यावी, तुमचा संबंध नको. आणि वर्षअखेरीला "रंग खराब केला" म्हणून मालक डिपॉझिट कापतो तेव्हा पालक तुमच्याच नावानं बोंब मारणार, त्यात पैसा तुमच्या खात्यातून गेलेला असेल तर बघायलाच नको.

पैसे घेऊन एखाद्या हॉस्टेलचा रील केला तर त्यावर 'जाहिरात' असं स्पष्ट लिहा, जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या एएससीआय संस्थेचा इन्फ्लुएन्सरसाठीचा नियम जून २०२१ पासून तोच आहे. मुलींच्या हॉस्टेलला स्वतः जाऊन या. पाणी किती वाजता येतं, टँकर लागतो का, गेट किती वाजता बंद होतं, संडास किती मुलींमागं एक, जिन्यात लाईट आहे का. लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, तेव्हापासून इथला कुठलाही शहाणा बाप आधी बोअरचंच विचारतो. हे सगळं लिहिलेलं पान पालक एकमेकाला पाठवतात. ज्या मालकाचं पाणी खराब आहे त्याचे पैसे घेऊन 'पाणी मुबलक' लिहिलंत की पुढच्या सीझनला तुमच्या पानाला कुणी विचारणार नाही.

प्रश्न : आमचं जालन्यात वडलांपासूनचं साप्ताहिक आहे. छोट्या जाहिरातींवर घर चालायचं, आता त्या सगळ्या मोबाईलवर गेल्या. ऑनलाईन जाहिरातींचं पान काढावं म्हणतो, उशीर झाला का?
– एक संपादक, जालना

उत्तर : झाला, पण फार नाही. नॉर्वेमध्ये शिबस्टेड ह्या पेपरवाल्या कंपनीनं आणि तिथल्या प्रादेशिक पेपरांनी मिळून २००० सालीच फिन नावाची साईट काढली. आपल्या छोट्या जाहिराती दुसऱ्यानं खायच्या आत आपणच खाऊ असा सरळ हिशोब. छापील पानाचा धंदा स्वतःच्या हातानं कमी केला आणि ती साईट आज तिथली सगळ्यात मोठी आहे. आपल्या लोकांनी तेव्हा काय केलं? चौकटीचे दर वाढवले.

तुमच्याकडं एक गोष्ट आहे जी उदगीरच्या पोराकडं नाही, छापील कागद. जमिनीच्या व्यवहाराआधी वकील देतात ती जाहीर नोटीस, हरवलेल्या कागदपत्रांची नोटीस, ह्या गोष्टींना अजून पेपरातलं कात्रण लागतं. मग कात्रण आणि ऑनलाईन असा एकच दर लावा. नोटीस द्यायला आलेल्या प्लॉटवाल्याला 'विकणे आहे' पण त्याच पावतीत देऊन टाका. फक्त नवीन बिल्डिंगचे फ्लॅट, मोठ्या लेआऊटचे प्लॉट घेताना महारेरा (बिल्डरांवर लक्ष ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) नंबर मागा, २०१७ पासून नोंदणी लागणाऱ्या प्रकल्पाची जाहिरात नंबराशिवाय चालत नाही, आणि दलालाला पण नोंदणी लागते.

आणि नेत्यांच्या वाढदिवसाच्या जाहिराती ऑनलाईन आणू नका. पहिलं पान फुलून जातं आणि उधारी पुढच्या वाढदिवसापर्यंत चालते, तुम्हाला मी काय सांगावं. ऑनलाईनला एकच नियम ठेवा, पैसे आले की जाहिरात लागली.

प्रश्न : जाहिरातीचे, पॅकेजचे पैसे घेणाऱ्या साईटला जीएसटी काढावा लागतो का? सीए म्हणतो लगेच काढ, मित्र म्हणतो काही गरज नाही.
– एक वाचक, परभणी

उत्तर : तुम्ही जाहिरातीचे आणि पॅकेजचे पैसे घेता म्हणजे सेवा विकता, सेवेला वर्षाला २० लाखाच्या उलाढालीपर्यंत नोंदणीची सक्ती नाही. त्यावर गेलात तर १८ टक्के. पण घेणाऱ्याकडनं मालाचे पैसे तुमच्या साईटवर घेऊन मग विकणाऱ्याला देत असाल तर तुम्ही ई-कॉमर्स ऑपरेटर, मग २० लाखाची सूट विसरा, नोंदणी पहिल्या दिवसापासून आणि करपात्र विक्रीवर ०.५ टक्के टीसीएस (विकणाऱ्याच्या पैशातून कापायचा कर) कापून भरायचा (१० जुलै २०२४ च्या आधी तो १ टक्का होता). लातूरच्या ताईंना पैसा हातात घेऊ नका म्हटलं त्याचं हे दुसरं कारण. इन्कम टॅक्सला बँकेतून-यूपीआयनं आलेल्या उलाढालीच्या ६ टक्के नफा धरून रिटर्न भरायची सोय छोट्या धंद्याला आहे, पण ती कमिशन-दलालीच्या उत्पन्नाला चालत नाही. म्हणजे पावतीवर काय लिहिता त्याला किंमत आहे. लिस्टिंग फी (जाहिरात लावायचे पैसे) घेत असाल तर लिस्टिंग फीच लिहा, सवयीनं 'कमिशन' लिहू नका. तुमचा सीए पावत्या बघून बोलत असेल तर त्याचं ऐका, मित्र पावत्या न बघता बोलतोय.

प्रश्न : बीडमध्ये माझा खरेदी-विक्रीचा ग्रुप आहे. एकानं "फौजी आहे, बदली झालीय, बुलेट स्वस्तात देतो" म्हणून टाकलं आणि आमच्या एका मेंबरचे १८ हजार गेले. आता तो माझ्यावर केस करतो म्हणतोय. मी नुसता ॲडमिन आहे. पुढच्या महिन्यापासून मेंबरकडून फी घ्यायची होती, आता भीती वाटायली.
– एक वाचक, बीड

उत्तर : आधी ते १८ हजार. त्या मेंबरनं अजून केलं नसेल तर आत्ताच्या आत्ता १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन करावा, सायबर क्राईमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाकावी. जितक्या लवकर तितकी खात्यात रक्कम गोठवली जायची शक्यता जास्त, दोन दिवसांनी ती पुढं तीन खात्यांत फिरलेली असते. फौजीचं ओळखपत्र, युनिफॉर्ममधला फोटो, "आर्मीच्या पार्सलनं गाडी येईल", ही जुनी टेप आहे. दुसरी टेप उलटी, तुम्ही काही विकायला टाकलंत की "पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा आणि पिन टाका". पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन टाकला की पैसे जातात. हे वाक्य ग्रुपच्या वर पिन करून ठेवा.

ॲडमिनचं म्हणाल तर मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ साली सांगितलंय की मेंबरनं टाकलेल्या पोस्टसाठी नुसता ॲडमिन आहे म्हणून माणूस दोषी होत नाही, त्याचा त्यात हात असल्याचं दिसलं पाहिजे. पण फी घ्यायला लागलात, त्याची साईट केलीत, की तुम्ही आयटी कायद्यातले मध्यस्थ. दुसऱ्यानं टाकलेल्या पोस्टची जबाबदारी मध्यस्थावर येऊ नये म्हणून कलम ७९ चं संरक्षण आहे, पण ते नियम पाळले तरच. तक्रार घ्यायला एका माणसाचं नाव आणि संपर्क साईटवर पाहिजे, तक्रारीची पोच २४ तासात आणि निकाल नियमात दिलेल्या मुदतीत, खातं बंद केलं तरी त्याची नोंदणीची माहिती १८० दिवस ठेवायची.

काय विकू द्यायचं नाही ह्याची यादी पण भिंतीवर लावल्यासारखी लावा. पिंजऱ्यातला पोपट, "धनलाभाचं" कासव, मांडूळ ही सगळी वन्यजीव कायद्यात बसतात आणि आपल्याकडं मांडुळाचं येड किती आहे ते तुम्हाला माहितीय. परवाना नसलेल्याचं बियाणं आणि कीटकनाशक, पावसाच्या तोंडावर येणारी ती 'तणनाशक मारलं तरी न जळणारी' कापसाची पाकिटं. आणि गर्भलिंग निदानाची आडून-आडून केलेली जाहिरात, पीसीपीएनडीटी कायद्यात ती ऑनलाईन टाकणं पण गुन्हा आहे. बीड जिल्ह्यात त्याबाबत पोलीस ऐकून घेत नाहीत, आणि ते बरोबर आहे.

फी घ्या, घाबरू नका. पण ग्रुपात राहायची फी नको, विकणाऱ्याची घ्या, आणि पहिल्यांदा टाकणाऱ्याकडनं दहा रुपये का होईना त्याच्या स्वतःच्या नावाच्या खात्यातून घ्या. चोराला दहा रुपये जड नसतात, खात्यावरचं नाव दाखवणं जड असतं.

प्रश्न : वसमतला हळदीचं बेणं, हळद उकडायचा बॉयलर, पॉलिश मशीन ह्याचा व्हॉट्सॲप ग्रुप चालवतो, १०२४ मेंबर झाले, पुढं घेईना. ग्रुपात राहायची फी लावली तर चालंल का?
– एक वाचक, हिंगोली जिल्हा

उत्तर : १०२४ च्या पुढं ग्रुप जातच नाही, व्हॉट्सॲपची हद्दच तेवढी आहे. दुसरा ग्रुप काढा, पण फी लावू नका, फी लावली की बघणारे निघून जातील आणि नुसते मशीनवाले एकमेकाच्या तोंडाकडं बघत बसतील. बेणं विकणारा शेतकरी फुकट ठेवा. स्वतःच्या शेतातलं बेणं ब्रँडचं लेबल न लावता विकायचा हक्क त्याला २००१ च्या वाण संरक्षण कायद्यानं दिलाय, त्यात काही अडचण नाही. पैसे बॉयलरवाल्याचे आणि पॉलिशवाल्याचे घ्या. त्यांचा सीझन दोन-तीन महिन्यांचा, आणि एका गावचं उरकून दुसऱ्या गावाला जाताना मधे मशीन रिकामं उभं राहिलं तर त्यांचं नुकसान होतं. त्यांच्या तारखा आणि गावं एका तक्त्यात मांडून रोज सकाळी ग्रुपवर टाका, कोणत्या तारखेला कोणतं मशीन कोणत्या गावात, किती क्विंटलपासून येतं, दर काय, डिझेल कुणाचं. त्या तक्त्यात नाव यायचे सीझनचे पैसे ठरवा. आणि ते जानेवारीतच घ्या, हळद उकडून झाली की मशीनवाला फोन उचलत नाही.